चाळीस पांढऱ्या टोप्या

नेपाळहून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "काय काशिनाथशेठ, पशुपतिनाथ झाला का?"

नाही झाला. काठमांडू नाही झालं, एव्हरेस्टही दिसलं नाही. आम्ही गेलो होतो नेपाळच्या पार पश्चिमेच्या टोकाला, अछाम नावाच्या डोंगराळ जिल्ह्यात. तिथून काठमांडू इतकं लांब की तिथल्या लोकांना भिवंडीजवळची आमची मानकोली जास्त ओळखीची आहे. फोटोत दाखवण्यासारखं काही आणलं नाही. कमरेचं दुखणं तेवढं आणलंय, ते बघायचं असेल तर या घरी.

तरी लिहून ठेवतोय. चार जणांनी विचारल्यावर चार वेळा तेच सांगायचा आता कंटाळा आलाय.

मानकोली

आमच्या भातशेतीवर गोडाऊनं उभी राहिली त्याला बरीच वर्षं झाली. जमीन आमची, पत्र्याच्या शेड आमच्या, माल कंपन्यांचा आणि प्रत्येक गेटवर खुर्ची टाकून बसलेला वॉचमन नेपाळचा. सगळ्यांना एकच हाक, "बहादूर!" माझ्या गेटवर सोळा वर्षं जो होता त्याचं नाव हर्क. मी त्याला नावाने हाक मारायचो आणि याचा मला मनातून अभिमान होता. आता वाटतं, एवढ्या गोष्टीचा कसला डोंबलाचा अभिमान!

हर्क दोन वर्षांतून एकदा घरी जायचा. येताना त्याच्या आईने कढवलेलं तूप डब्यात भरून आणायचा, माझ्या आईसाठी. माझी आई त्याच्या आईला साडी पाठवायची. दोघी कधी भेटल्या नाहीत. पण हर्कच्या फोनवरून बोलायच्या. आमची म्हातारी आपल्या गावठी बोलीत, तिकडची तिच्या पहाडी बोलीत. एकीचं अक्षर दुसरीला कळत नसे आणि तरी दहा-दहा मिनिटं चालायचं. "काय बोलता गं एवढं?" असं विचारलं तर आई म्हणायची, "तुला काय करायचं हाय? आमचं आमी बोलतंव."

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी हर्कने आमच्या ओट्यासमोर येऊन सुट्टी मागितली. तिकडे दसरा म्हणजे आपल्या गणपतीसारखा, जगाच्या पाठीवर कुठेही असलेला माणूस घरी जातो, वडीलधाऱ्यांच्या हातून कपाळाला टिळा लावून घेतो. त्याच आठवड्यात माझ्या गोडाऊनमध्ये नवी पार्टी माल उतरवणार होती. मी म्हटलं, "आत्ता कुठे जातोस? दिवाळी होऊ दे." तो "ठीक है शेठ" म्हणाला आणि खुर्चीवर जाऊन बसला.

ऐन दसऱ्यात त्याच्या गावावर पाणी आलं. डोंगर खचला, नदी फुगली, खालची अर्धी वाडी गेली. हर्कला फोन आला तसा तो पिशवी उचलून निघाला. "घर गेलं, शेठ." एवढंच बोलला. मी हातावर पैसे ठेवले, त्याने घेतले. घरची माणसं कशी आहेत, हे मी तेव्हा विचारलं नाही. नंतर फोनवर एकदा विचारलं, तर "बरे आहेत" म्हणाला. मला तेच ऐकायचं होतं, मी पुढे विचारलं नाही.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष राजारामभाऊ. सत्काराचा माणूस. गावात कुणाचं पोर दहावी पास होवो की कुणाची बोअर लागो, राजारामभाऊ टोपी, टॉवेल, नारळ घेऊन हजर. पुराचं कळल्यावर मदत गोळा करायची कल्पना त्यांचीच आणि ते श्रेय त्यांना द्यायलाच हवं. आमचे गोडाऊनवाले, टेम्पोवाले, कापडाच्या लूमवर ड्युटी करणारे भय्ये, सगळ्यांनी दिलं. मग दिवाळी आली, लग्नसराई आली, निघता निघता माघ उजाडला. जायचं ठरलं तिघांनी: राजारामभाऊ, माजी सरपंच सुरेखावहिनी आणि मी. "हर्क तुझा माणूस, तू पाहिजेसच," असं सगळे म्हणाले. सुट्टीची गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. जायची तर माझी मुळीच इच्छा नव्हती. हर्कच्या समोर उभं राहायचं कसं, हे कोडं घेऊनच मी गाडीत बसलो.

आईने पिशवीत साडी ठेवली. हिरवी, जरीकाठाची. "तिच्या हातात दे," म्हणाली, "आनि तूप विसरू नको."

धनगढी

रेल्वेचे आणि उत्तर प्रदेशातल्या बसचे हाल सांगत नाही, ते ज्याचे त्याने कल्पनेने भोगावेत. सीमेवर आमची मतदार ओळखपत्रं बघितली आणि सोडलं. राजारामभाऊंनी खास कोट शिवला होता, तो बघायला कुणाला वेळ नव्हता.

सीमेपलीकडचं पहिलं शहर धनगढी. तिथे घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करावं लागतं. "पंधरा मिनिटांसाठी वेगळा देश!" म्हणून राजारामभाऊ वैतागले आणि शेवटपर्यंत त्यांनी घड्याळ बदललं नाही. त्यामुळे आम्ही सगळीकडे पंधरा मिनिटं उशिरा पोचलो.

इथे पैसे बदलून आम्ही छपराचे पत्रे घेतले, ट्रकने पुढे पाठवले. बाकीची रक्कम गावच्या शाळेच्या समितीला द्यायची होती. दुकानदाराने आम्हाला चहा पाजला. आम्ही कुठले, असं विचारल्यावर भिवंडीचं नाव ऐकून तो हसला. "मेरा साला उधर ही है." मग पुढच्या तीन दिवसांत हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं की सुरेखावहिनी म्हणाल्या, "अख्ख्या नेपाळचे साले आपल्याकडेच दिसतात हो!"

वहिनींनी वाटेसाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट घेतली होती. पिशवी जीपच्या टपावर होती, दुपारच्या उन्हात तापली आणि वास पसरला. ड्रायव्हरने गाडी थांबवून चारी चाकं तपासली, बॉनेट उघडलं. खरं सांगायची कुणाची हिंमत होईना. शेवटी वहिनींनीच गुपचूप ती पिशवी रस्त्याकडेला एका कुत्र्याला अर्पण केली. कुत्र्याने हुंगलं आणि निघून गेलं.

डडेलधुरा

पुढचा सगळा चढ. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे काहीच नाही. वळण आलं की मी डोळे मिटायचो, सरळ रस्ता आला की कमरेत कळ. राजारामभाऊंना उलट्या सुरू झाल्या, कोट खराब झाला. डडेलधुऱ्याला पोचलो तेव्हा थंडीने बोटं वळत नव्हती. आम्ही खाडीकाठची माणसं, आमची थंडी म्हणजे पहाटे पंखा बंद करणे.

पण जेवणाने जीव भांड्यात पडला. भात! वाफाळणारा डोंगराएवढा भात, काळ्या सोयाबीनची डाळ आणि अळूच्या पानांची भाजी. आपल्या फदफद्यासारखीच, पण चिंच-गुळाशिवाय. खाणावळीची बाई ताट रिकामं होऊ देत नव्हती, आपल्याकडे हळदीच्या पंगतीत वाढतात तशी वाढत होती. वहिनींनी "पुरे" म्हणून ताटावर हात आडवा धरला, तर बाईने हसून हात बाजूला केला आणि वाढलं. तीन दिवसांत तेवढीच एक वेळ आम्ही मनापासून जेवलो.

हर्कचं गाव

रस्ता संपतो तिथे हर्क उभा होता.

पांढरा शर्ट, पांढरी सुरवार, पायात कापडी पांढरे बूट आणि डोक्यावर पांढरी टोपी. खाकी गणवेशाशिवाय मी त्याला कधी बघितलं नव्हतं, क्षणभर ओळखलंच नाही. वाळला होता. दाढी वाढलेली.

राजारामभाऊंना कोण आनंद झाला! "अरे वा! आपली टोपी! बघा काशिनाथ, आपल्या मानासाठी पोरगा आपला पोशाख करून आला!" त्यांनी त्याला मिठी मारली. मला गहिवरून आलं. वाटलं, याच्या मनात माझ्याबद्दल काही नाही. एवढ्या लांबून घेऊन आलेलं ओझं त्या एका टोपीने मी स्वतःच उतरवून टाकलं.

"आम्हीपण आणल्यात टोप्या," राजारामभाऊ म्हणाले, "चांगल्या चाळीस!"

हर्कने त्यांच्याकडे बघितलं. डोळे भरले. "अच्छा किया, भाऊ," तो म्हणाला. "इथे मिळत नाहीत. लागतात."

वहिनींना जरा नवल वाटलेलं दिसलं. मी विचारलं, "आई कुठाय? तिच्यासाठी साडी आणलीय."

"आधी चाय घ्या, शेठ. थकलात."

पत्र्याच्या खोपटात त्याच्या बायकोने चहा दिला. आम्हाला दुधाचा. हर्कने स्वतः काळा घेतला. हा माणूस माझ्याकडे सोळा वर्षं अर्धा कप दूध ओतून चहा प्यायलेला. मी विचारलं, "दूध सोडलंस का रे?" तो "हां, शेठ" म्हणाला. म्हैस वाहून गेली असेल, आहे ते दूध पाहुण्यांना दिलं असेल, असं मी समजलो. समजून घेण्यात मी त्या दिवशी फार हुशार होतो.

शाळेच्या पटांगणात लोक जमले होते. मागे नदी, आता शहाण्यासारखी एका कडेने वाहणारी आणि मध्ये नुसते दगड. त्या दगडांखाली वाडी होती असं कुणी सांगितलं नसतं तर कळलं नसतं. आम्ही फळ्यावर फ्लेक्स बांधला. त्यावर आमचे तिघांचे हात जोडलेले फोटो. इतकी लाज मला आयुष्यात फ्लेक्सची वाटली नव्हती.

राजारामभाऊंनी हिंदीत भाषण केलं. चांगलं केलं, उगाच कशाला नावं ठेवू. समितीला रक्कम दिली, टाळ्या पडल्या. मग म्हणाले, "अब हमारे यहाँ की रीत से आप का सन्मान." वॉर्डाचे अध्यक्ष, चाळिशीतला गृहस्थ, पुढे आला. राजारामभाऊंनी त्याच्या डोक्यावरची रंगीत टोपी अदबीने काढून माझ्या हातात दिली, कोरी पांढरी टोपी झटकून त्याच्या डोक्यावर चढवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि नारळ पुढे केला.

अध्यक्षांनी नारळ घेतला नाही.

पुढच्या बाकावर एक खूप म्हातारा माणूस बसला होता, तो काठी टेकत उठला आणि आमच्याकडे बघत राहिला. बायकांनी तोंडाला पदर लावले. राजारामभाऊ नारळ धरून तसेच उभे.

माझ्या मागून कुणीतरी दंडाला धरलं आणि चक्क आमच्या बोलीत म्हणालं, "शेट, ह्या काय केलाव? ही टोपी आई-बाप मेल्याव घालतात वो! त्याचा बाप तो काय, समोर जिता हाय!"

तो लालसिंग. आमच्या शेजारच्या काल्हेर गावच्या गोडाऊनवर वीस वर्षं काढून परतलेला म्हातारा वॉचमन. एरवी त्या डोंगरात आपली बोली ऐकून मी नाचलो असतो. "वरीसभर पांढरा घालाचा," तो सांगत होता, "टोपी, कपडं, बूट, समदा. आई मेली तं दूध सोडाचा, बाप मेला तं दही."

मी हर्ककडे बघितलं. पांढरी टोपी. पांढरे बूट. काळा चहा.

अहो, मी त्याला मानपानाचा पोशाख समजलो होतो!

हर्क गर्दीतून पुढे आला. अध्यक्षांच्या डोक्यावरची टोपी त्याने दोन्ही हातांनी उतरवली, माझ्या हातातली रंगीत टोपी घेऊन नीट बसवली आणि त्या म्हाताऱ्या बापाच्या पायाशी वाकून काहीतरी बोलला. मग लोकांकडे वळून त्यांच्या बोलीत सांगू लागला. लालसिंग मला कानाशी सांगत होता, "तो बोलतो, ह्या लोकांनी चुकून त्याच्या डोक्याव ठेवली. टोप्या दुसऱ्यांच्या हायेत. ज्यांची आई गेली, बाप गेला, त्यांच्यासाठी भिवंडीवरना आनल्यात."

मागून एक-एक जण पुढे यायला लागला. कुणाच्या डोक्याला पांढरा फडका गुंडाळलेला, कुणाच्या धुऊन धुऊन राखाडी झालेली टोपी, कुणी मफलर बांधलेला. खालचा बाजारही पुरात गेल्यामुळे चार महिने ते असेच फिरत होते. राजारामभाऊंनी पिशवी हर्कच्या हातात दिली आणि बाजूला जाऊन शाळेच्या पायरीवर बसले. रडत होते. सुरेखावहिनींनी नारळ खाली ठेवले, फ्लेक्सच्या दोऱ्या सोडल्या, तो गुंडाळून आपल्या पिशवीत कोंबला. हर्क प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी ठेवत होता. चाळीस पुरल्या नाहीत.

खोपटाच्या दारात

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी साडी बाहेर काढली. हर्कने ती मांडीवर ठेवली, काठावरून बोट फिरवलं.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तुमच्या आईचं दिल कमजोर आहे ना, शेठ. त्या रोज फोनवर विचारायच्या, आई कुठाय. मी बोलायचो, शेतात गेली. मग काल भाऊ टोप्या बोलले, तर मला वाटलं, लालसिंगने वगैरे कळवलं असेल. तुम्हाला माहीत झालं. मग तुम्ही विचारलं, आई कुठाय, तेव्हा कळलं, माहीत नाही; आल्या आल्या कसं सांगू?"

"कशी गेली?"

"घरात होती. पाय चालत नव्हते तिचे. बायको पोरींना घेऊन वर पळाली. आईला उचलायला माणूस पाहिजे होता."

मग मला राहवलं नाही. म्हटलं, "हर्क, मी सुट्टी दिली असती तर तू होतास." खूप दिवस तोंडात धरून ठेवलेलं असं कसंतरी बाहेर पडलं. तो मला "नाही शेठ, नशीब" असं काहीतरी म्हणेल, अशी मला आशा होती, खोटं कशाला बोलू. आदल्या रात्री मी दोघांना सुट्टीचं सांगितलं तेव्हा राजारामभाऊ तसंच म्हणाले होते, वहिनीही म्हणाल्या होत्या, "तो असता तर तोही गेला असता."

हर्क तसं म्हणाला नाही. नदीकडे बघत म्हणाला, "तुम्ही दिली नाही. मी पण जोर नाही लावला. ओव्हरटाइम मिळेल असं वाटलं." मग म्हणाला, "वर्ष होईपर्यंत मी येणार नाही. माझ्या जागी जो बसलाय, त्याला दसऱ्याला सोडा."

"सोडतो," मी म्हटलं.

साडी त्याने ठेवून घेतली, वर्ष झाल्यावर बायको नेसेल म्हणाला. जीपपर्यंत माझी बॅग त्यानेच आणली. मी हातातून घ्यायला गेलो तर दिली नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "तूप नाही, शेठ, या वेळी. आईला सांगा."

परत

परतीचा प्रवास मला फारसा आठवत नाही. राजारामभाऊंनी सीमेवर घड्याळाकडे बघितलं, ते बरोबर होतं.

घरी पोचलो तर आई ओट्यावर बसलेली. मी पाया पडलो, आत जाऊन चूळ भरून येतो तोवर तिने माझी बॅग उघडून कपडे बाहेर काढले होते.

"तूप न्हाय दिला तिनं?"

मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. पाय चालत नव्हते ते, पांढरे बूट, टोप्या, काळा चहा. आई रडली नाही. माझ्या कपड्यांच्या घड्या घालत राहिली. घातलेली घडी मोडून परत घालत होती.

मग म्हणाली, "दसऱ्याला त्यानं सुट्टी मागितलेली."

मी वर बघितलं.

"मी हितंच बसलेली व्हते. आयकला मी. वाटला, सांगावा तुला, जाऊ दे त्याला. पन तुझ्या धंद्यात मी कशाला बोलू, म्हनून गप ऱ्हायले." तिने घडी बाजूला ठेवली. "तिला माझी साडी आवडाची. फोनवर हसाची."

माझी बायको चहा घेऊन आली. दोन कप, दुधाचे, वेलची घातलेले. आईने आपला कप तसाच तिच्याकडे सरकवला.

"माझा कोरा कर. आता वरीसभर कोराच करायचा."

बायकोला काही कळेना, ती माझ्याकडे बघायला लागली. मीही माझा कप उचलून तिच्या ट्रेमध्ये ठेवला. आईने तो परत घेतला आणि माझ्यापुढे ठेवला.

"तू पी," ती म्हणाली. "तुझी आई जिती हाय."